कसर भरून निघते तेव्हा

बीडमध्ये, आमच्या खालाजाद बहिणीच्या अंगणात, गाडीच्या मागच्या दारात पाय सोडून बसलो आहोत आणि हे लिहितो आहोत. रात्रीचे साडेआठ झालेत. आत घरात पंखा आहे, पलंग आहे, त्यावर नवी चादर अंथरलेली आहे. बहीण तीनदा येऊन बोलावून गेली. शेवटी वैतागून म्हणाली, "आपा, इतके दिवस गाडीत झोपलीस, आता माझ्या दारात येऊनही गाडीतच झोपणार? लोक म्हणतील, सख्ख्या खालाच्या पोरीनं घरात घेतलं नाही!" तिचं म्हणणं खरं आहे. पण ही शेवटची रात्र. उद्या दुपारनंतर आम्ही आमच्या गल्लीत असू आणि अठरा दिवसांचा सफर संपलेला असेल.

या सदरात 'आम्ही' म्हणजे एकटी शिक्षिका, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. उर्दूतल्या 'हम'ची सवय मराठीतही सुटली नाही. या महिन्यात मात्र 'आम्ही' म्हणजे बरेचदा खरोखर दोघं आहेत, आम्ही आणि मुलांचे अब्बा. कुठे एक आणि कुठे दोन, ते वाचता वाचता कळेल.

गाडीची ओळख आधी करून देतो. सात वर्षांची मारुती ईको. मुलांचे अब्बा घरांच्या वायरिंगची कामं घेतात. मागची सीट कधीच निघालेली, तिथे वायरची बंडलं, पाइप, ड्रिल मशीन आणि शिडी. परदेशात निवृत्त जोडपी घराएवढ्या गाड्या घेऊन महिनोन्‌महिने फिरतात, हे आम्ही व्हिडिओंत पाहिलं होतं. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आत बिछाना, ओटा, न्हाणीघर असलेल्या गाड्या भाड्यानं मिळू लागल्या. एका ठिकाणी भाडं विचारलं, शुक्रिया म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रात्री मुलांच्या अब्बांनी ईकोच्या मागच्या भागाचं माप घेतलं.

शिडी आणि बंडलं दुकानात गेली. प्लायच्या दोन फळ्या लोखंडी घोड्यांवर टाकल्या, वर गादी, खाली डबे, भांडी, कपडे. खिडक्यांना जुन्या दुपट्ट्यांचे पडदे. एक वेगळी बॅटरी, तिच्यावर छोटा पंखा आणि दिवा. काहीही ठोकून बसवलेलं नाही, सगळं सुटं, कारण गाडीच्या रचनेत कायमचा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते. दिवाळीची सुट्टी लागली, तिला जोडून चार दिवसांची रजा घेतली. अम्मीजान आणि मुलांजवळ राहायला नणंद आली. मुलगी डी.फार्म.ला आहे, मुलगा नववीत. दोघांनी हसून निरोप दिला. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण इतके दिवस आम्ही दोघंच, असं कधी झालं नव्हतं.

अहमदनगर, सोलापूर, विजापूर, गुलबर्गा, बीदर, हैदराबाद, आणि परत येताना नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, बीड. पाट्यांवरची काही नावं आता बदलली आहेत, आपल्या शहराचंही बदललं. जिभेवर जुनी-नवी दोन्ही असतात. नियम एकच होता. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि अंधार पडल्यावर चालवायचं नाही. नाइलाजानं तो एकदाच मोडला.

भगिनी विचारतील त्या प्रश्नांची उत्तरं आधीच देतो. रात्री गाडी कुठे लावायची? मोठ्या पेट्रोल पंपावर, मॅनेजरला विचारून, उजेडात. किंवा दर्ग्याच्या, मशिदीच्या आवारात, तिथल्या लोकांची परवानगी घेऊन. किंवा ओळखीच्यांच्या दारात. सामसूम जागी एकदाही नाही. अंघोळ? दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी साधा लॉज. बाकी दिवस एक बादली आणि पंपावरचं स्वच्छतागृह. स्वच्छतागृह आधी बघायचं, मग पेट्रोल भरायचं. स्वयंपाक? पाच किलोचा सिलिंडर, तोही गाडीबाहेर, उघड्यावर. बंद गाडीत शेगडी पेटवणं आणि इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणं, या दोन गोष्टी जिवावर बेततात. विषारी वायूला वासही नसतो. खर्च? पेट्रोल, लॉज, खाणं मिळून सत्तावीस हजार. हैदराबादेतल्या बांगड्या आणि बीदरची एक बिदरी डबी यात धरलेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट.

सफरात नमाज कसर होते, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. आमच्या हनफी घरांत साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढे जायचा इरादा असला आणि आपल्या वस्तीची हद्द ओलांडली, की जोहर, असर आणि इशा यांचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात. वाटेत कुठे पंधरा दिवस मुक्काम करायचा इरादा नसेल, तर घरी परतेपर्यंत ही सवलत चालते. पहिल्या दिवशी नेवाशाच्या पुढे एका पंपामागे जोहर पढली. दोन रकअतींनंतर सलाम फेरला तेव्हा काहीतरी विसरून उठल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर शिक्षिकेच्या डोक्यात व्याकरण सुरू झालं. मराठीत 'कसर' म्हणजे उणीव. 'कसर राहिली', 'कसर भरून काढली' असं आपण म्हणतो. नमाजची 'कसर' वेगळी. उर्दूत लिहिताना एक शब्द काफ आणि सीननं लिहितात, त्याचा अर्थ तूट, अपूर्णांक. दुसरा काफ नव्हे तर काफच्या घशातल्या भावानं, म्हणजे 'क़ाफ'नं, आणि सुआदनं लिहितात, त्याचा अर्थ आखूड करणं. मूळ दोन, अर्थ दोन. देवनागरीत आले की दोघांचा चेहरा एकच होतो. जे आखूड केलं ते उणं असतंच असं नाही. सफरातल्या दोन रकअती पूर्ण असतात, अपुऱ्या नव्हे. हे आम्ही मुलांच्या अब्बांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हौ," आणि गिअर बदलला.

आमच्या घरात तीन वर्षं हेच चाललं होतं. नमाज पूर्ण आणि बोलणं कसर. "हौ." "नक्को." "भाजी काय आणू?" "अम्मीजानची गोळी संपली." भांडण नव्हतं. शेजाऱ्यांना आमचं घर शांत वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही बँकेत पासबुकावर नोंदी करून घ्यायला गेलो होतो. दोघांच्या नावाचं खातं, मुलीच्या शिक्षणासाठी थोडं थोडं करून साठवलेलं. मशीनमधून पासबुक बाहेर आलं आणि त्यात दोन लाख चाळीस हजार काढल्याची एक ओळ होती. उरले होते सहा हजार. पैसे कुठे गेले ते संध्याकाळपर्यंत जाऊबाईंच्या बोलण्यातून कळलं. दिराचं दुकान बुडायला आलं होतं, सावकार दारात बसला होता. आम्ही काही विचारलं नाही. पासबुक कपाटात साड्यांखाली ठेवलं. दर महिन्याला पगारातून त्या खात्यात टाकायचे ते पाच हजार पुढच्या महिन्यापासून बंद केले. मुलीच्या प्रवेशासाठी शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि तेही स्वतःच्या सहीनं, न बोलता. त्यांनीही विचारलं नाही, की पाच हजार का थांबले, कर्ज कधी काढलं.

म्हणून सफराचे पहिले पाच-सहा दिवस आम्ही दोघं बोललो ते रस्ता, पाणी आणि पार्किंग एवढ्याचबद्दल. विजापूरला गोल घुमटात गेलो. मुहम्मद आदिलशाहची ही कबर १६५६ ची, बाहेरून घुमटाचा व्यास ४४ मीटरच्या आसपास. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं तरी पलीकडच्या टोकाला ऐकू जातं, असं आम्ही वर्गात अनेकदा सांगितलं आहे. ते एका टोकाला उभे राहिले, आम्ही समोर. त्यांचे ओठ हललेले दिसले. तेवढ्यात एका शाळेची सहल वर आली, पन्नास मुलं एकदम ओरडली आणि त्या ओरडण्याचे कित्येक पडसाद झाले. खाली उतरल्यावर विचारलं, "काय म्हणालात?" ते म्हणाले, "काही नाही. जिना जपून उतर म्हटलं."

तिथून इब्राहिम रौजा. इब्राहिम आदिलशाह दुसरा यानं ही इमारत बेगम ताज सुलतानासाठी सुरू केली, पण १६२७ मध्ये आधी तोच गेला. दोघांच्या कबरी आज एकाच छताखाली आहेत. आपल्या शहरातल्या बीबीच्या मकबऱ्यात दिलरस बानो बेगम एकट्या आहेत, त्यांचे खाविंद तिकडे खुलताबादेत, उघड्या आभाळाखाली. आम्ही हे बोलून दाखवलं. मुलांचे अब्बा म्हणाले, "एका छताखाली असून काय, बोलणं थोडंच होतं." ते कबरींबद्दल बोलत होते की आणखी कुणाबद्दल, ते विचारायची हिंमत त्या दिवशी झाली नाही.

गुलबर्ग्यात ख्वाजा बंदानवाज यांच्या दर्ग्याजवळ दोन रात्री काढल्या. ख्वाजासाहेबांचा जन्म १३२१ चा, दिल्लीचा. मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा आईवडिलांबरोबर लहानपणी ते आपल्या भागात आले. वडिलांची कबर खुलताबादेत आहे. स्वतः दिल्लीला परतले आणि ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर पुन्हा दख्खनची वाट धरली. १४२२ मध्ये गुलबर्ग्यातच इंतकाल झाला. त्या काळी बैलगाड्या आणि घोडे होते. आम्ही सव्वाशे किलोमीटरला थकतो.

गुलबर्ग्याहून बीदरकडे जाताना हुमनाबादच्या अलीकडे मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. ही चूक कुणाची, यावर दहा मिनिटं वाद झाला. एक मोटरसायकलवाला पोरगा दोन्ही चाकं पुढे-मागे बांधून पंक्चरवाल्याकडे घेऊन गेला. गाडी दगडांवर, आम्ही दोघं कडुनिंबाखाली. पुढचे तीन तास कुठे जाणं नाही, काही करणं नाही, कुणी येणार नाही.

सफरात अडकून पडणं वाईटच असतं असं नाही. हजरत आयेशा (रजि.) यांचा हार हरवला म्हणून सगळा काफिला पाणी नसलेल्या जागी थांबला होता. लोक चिडले होते. त्याच मुक्कामात तयम्मुमची आयत उतरली आणि पुढच्या सगळ्या उम्मतची सोय झाली. आमच्या मुक्कामाची त्या मुक्कामाशी बरोबरी नाही, पण कडुनिंबाखाली बसल्यावर ही गोष्ट आठवली आणि आम्ही विचारून टाकलं. "पैसे दिलेत त्याचं काही नाही. आम्हाला का नाही सांगितलं?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो रात्री दोनला आला होता. पाया पडला. म्हणाला, भाभीला सांगू नको, तिच्यासमोर मला मान वर करता येणार नाही. मी जबान दिली. सकाळी वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तुझ्या चेहऱ्यावरून कळलं की तुला कळलंय. मग वाटलं, तू विचारशील तेव्हा सांगू."

"आम्हाला वाटलं, तुम्ही सांगाल तेव्हा ऐकू."

मग दोन्हीकडचं सगळं निघालं. पाच हजार, पतसंस्थेचं कर्ज, मुलीच्या प्रवेशाच्या दिवशी त्यांनी पावती पाहिली होती आणि जेवले नव्हते, ते. आम्ही त्यांना जुन्या काही गोष्टी सुनावल्या ज्या इथे लिहिणार नाही. त्यांनीही सुनावल्या. आवाज चढला तेव्हा रस्त्यानं जाणारा एक म्हातारा थांबून बघून गेला. शेवटी ते म्हणाले, "तो चौदा महिने झाले, दरमहा तीन हजार टाकतोय. त्याच खात्यात. मला वाटलं तू बघितलं असशील."

आम्ही बघितलं नव्हतं. बँकेचे मेसेज त्यांच्या मोबाइलवर येतात आणि ते पासबुक साड्यांखालून आम्ही पुन्हा बाहेर काढलंच नव्हतं. बेचाळीस हजार परत आले होते आणि आम्ही तीन वर्षं त्याच एका ओळीवर थांबलो होतो.

फिकहचा एक बारकावा आम्हाला तेव्हा आठवला. सफरात राहून गेलेली नमाज घरी येऊन कजा केली तर ती दोनच रकअत पढायची. पण घरी राहून गेलेली नमाज सफरात कजा करायची असेल, तर ती पूर्ण चार. सवलत नाही. आमचं घरी राहिलेलं बोलणं त्या कडुनिंबाखाली पूर्ण चार रकअतींनी फेडावं लागलं.

चाकं आली, अंधारात बीदरला पोहोचलो. सकाळी महमूद गवानांचा मदरसा पाहिला. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे ठिकाण पाहिल्याशिवाय मरण येऊ नये. १४७२ मध्ये पूर्ण झालेली तीन मजली इमारत, वर्ग, ग्रंथालय, राहायच्या खोल्या, भिंतींवर निळ्या-हिरव्या फरशांचं काम. पुढे सतराव्या शतकाच्या शेवटी आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन मोठा भाग पडला. दोन मिनारांपैकी एकच उभा आहे. आम्ही तिथल्या पायरीवर बसून मुलांच्या अब्बांना गवानसाहेबांची गोष्ट सांगायला लागलो. बहमनी राज्याचा हा वजीर. दुश्मनांनी त्यांच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि सुलतानापुढे ठेवलं. सुलतानानं चौकशी केली नाही. एका कागदावरून १४८१ मध्ये त्यांना ठार केलं. खरं कळल्यावर पस्तावला आणि वर्षभरात तोही गेला.

"एका कागदावरून" म्हणताना आमचा आवाज अडला. आमच्या कागदावरची ओळ खोटी नव्हती, एवढाच फरक. पण चौकशी आम्हीही केली नव्हती. मुलांचे अब्बा काही बोलले नाहीत. थर्मासमधला चहा ओतून त्यांनी कप पुढे केला.

हैदराबादेत तीन दिवस राहिलो. चारमिनार, गोवळकोंडा, इराणी चहा. त्याबद्दल पुढच्या महिन्यात लिहू. परतीच्या वाटेवर नळदुर्गला थांबलो. बोरी नदीवर धरणाची भिंत आणि त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल, आदिलशाही काळातला, १६१३ चा. पावसाळ्यात धरण भरलं की पाणी वरून कोसळतं आणि आतल्या खोल्या कोरड्या राहतात. कोसळणाऱ्या दोन धारांना लोक 'नर' आणि 'मादी' म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही धारा थांबलेल्या होत्या. मुलांचे अब्बा भिंतीच्या आत हात फिरवत म्हणाले, "काम बघ. चारशे वर्षं झाली, गळत नाही." वायरिंगवाल्याला भिंतीचं कौतुक जास्त.

काल तुळजापूरच्या पुढे एका चहाच्या टपरीवर थांबलो होतो. समोर एक ट्रक उभा होता, ऊसतोडीला निघालेला. वर पेट्या, भांडी, पत्रे, कोंबड्या, दोन शेळ्या, आणि या सगळ्यांच्या मध्ये माणसं आणि लेकरं. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून अशी हजारो कुटुंबं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात खोपीत राहतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती तोडून फेडायची. या धंद्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. दोन माणसं, हिशेबात एक.

त्यातली एक बाई, आमच्याच वयाची असेल, आमच्या गाडीत डोकावली. गादी, पडदे, पंखा बघून हसली.

"बाई, कुठं निघालासा?"

"घरी."

"आमी घरून." मग पुन्हा आत बघून म्हणाली, "आमचं बी असंच. समदं घर गाडीत. पर तुमी हौसंनं."

तिच्या कडेवरच्या मुलीला विचारलं, कितवीत आहेस. उत्तर आईनं दिलं, "तिसरीत हाय. हंगामी वसतिगृहात ठेवणार होते, पर ऱ्हात न्हाई माझ्याबिगर." या पट्ट्यातल्या शाळांत दिवाळीनंतर कोणते बाक रिकामे होतात, हे आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक असतं. पिशवीत विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या पेन्सिलींचा डबा होता, तो त्या मुलीच्या हातात दिला. त्याहून जास्त काही करता आलं नाही. ट्रक गेल्यावर आम्ही दोघं बराच वेळ तिथेच बसलो. आमचा सफर हा आमचा शौक होता. तिला तो चुकवता येत नाही. अठरा दिवस गाडीत काढले म्हणून घरी गेल्यावर कुणी कौतुक केलं तर ही बाई आठवावी, एवढं ठरवलं.

आज दुपारीच बीडला पोहोचलो. रेटलं असतं तर रात्रीपर्यंत घर गाठता आलं असतं, सव्वाशे किलोमीटर तर राहिलेत. पण लांबच्या सफरावरून रात्री अचानक घरी येऊ नये, असं हदीसमध्ये आहे. घरच्यांना खबर असावी, आवरायला वेळ मिळावा. हे आम्ही सांगितलं तेव्हा मुलांचे अब्बा म्हणाले, "आणि हेडलाइटचा एक बल्बही गेलाय." दोन्ही कारणं बरोबर.

उद्या सकाळी निघायचं. गेवराई, शहागडला गोदावरी, मग पाचोड, आडूळ. आडूळला जोहर पढू, दोन रकअत. या सफरातली ती शेवटची कसर. मग झाल्टा फाटा येईल, शहर लागेल, आणि असरपासून चार. पैगंबर (स.) सफरावरून परतले की आधी मशिदीत जाऊन दोन रकअत पढत, मग घरी जात. गल्लीच्या तोंडाशी मशीद आहे, मुलांचे अब्बा तिथे उतरतील. आम्ही पुढे घरी. अम्मीजान दारात बसलेल्या असतील. मुलगा आधी बिस्किटांचा डबा शोधेल.

खरं सांगायचं तर आम्हाला भीती वाटते आहे. माफ केलं का, असं कुणी विचारलं तर हो म्हणायला जीभ तयार आहे, मनाचं अजून चाललं आहे. आणि घर म्हणजे घर. सकाळचे डबे, अम्मीजानच्या गोळ्या, तपासायच्या वह्या, त्यांचे फोन, टीव्ही. नमाज पूर्ण होईल. बोलणं पुन्हा कसर व्हायला आठ दिवसही लागणार नाहीत. सफरात एकमेकांशी बोलायला जागा करावी लागली नाही, कारण गाडीत दुसरी जागाच नव्हती. घरात चार खोल्या आहेत.

तसं सुरूही झालं होतं. आज संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "रविवारी फळ्या काढाव्या लागतील. सोमवारी साताऱ्याकडच्या बंगल्याचं काम आहे, शिडी न्यायची." आम्ही म्हणालो, "हौ." तो 'हौ' तोंडातून निघाला आणि आमचा आम्हालाच ओळखू आला. तीन वर्षं वापरून गुळगुळीत झालेला. तो परत घ्यावा असं वाटलं. हात धुऊन आल्यावर आम्ही म्हणालो, "हौ म्हटलं, पण आम्हाला फळ्या काढायला नको आहेत. रात्री इशानंतर गाडी दारातच उभी असते. पंधरा मिनिटं बसता येईल. अम्मीजान झोपतात तेव्हा."

ते काही बोलले नाहीत. टेप घेऊन बाहेर गेले.

आम्ही हे लिहितो आहोत आणि ते मेव्हण्याच्या टॉर्चच्या उजेडात गाडीच्या टपाचं माप घेत आहेत. मघाशी वरूनच म्हणाले, "कॅरिअर बसवला तर शिडी वर जाईल. बंडलं खाली मावतात."

"आणि फळ्या?"

"एक काढतो. एक राहू दे. बसायला एक पुरते."

बहीण चौथ्यांदा बोलवायला आली आहे. इशा अजून व्हायची आहे. आज फर्ज दोन. उद्यापासून चार, इन्शाअल्लाह.